बोटभर फट

जिंतूर रोडला, वजनकाट्याच्या मागं,
जिलानी मिस्त्रीच्या शेडात
अप्पांची फियाट विटांच्या चार थप्प्यांवर उभी,
चाकं काढलेली,
आणि मी तिच्याखाली पोत्यावर उताणी,
हातात दहा-अकराचा पाना, डोळ्यांत गंज.

सायलेन्सरचा नळा पुढून येतो
आणि डाव्या सीटखालून मागं जातो.
त्याच्या वर, तळाच्या पत्र्याला, चार भोकं.
तीन मोकळी,
एकात कुंभारीण माशीचं मातीचं घर.
उशीएवढ्या जागेत रंगाला फोड येऊन
पापुद्रे सुटलेले.

"मिस्त्री, इथं काय होतं?"
ते वाकले. विडी विझवून कानावर ठेवली.
"पत्रा व्हता, आचेचा. कुणीतरी काढलाय.
वाजत आसंल."

वाजत असेल.
अप्पांना गाडीतला कुठलाच आवाज खपत नसे.
काचेच्या रबरात ते कागदाच्या घड्या कोंबायचे,
डिकीतल्या जॅकला जुनं धोतर गुंडाळायचे.
कापसाचे ग्रेडर होते,
बोंड चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायचे,
आणि ती बरोबर निघायची.

सेलू, मानवत, पाथरी, परत.
मे महिना. फ्युएल पंपावर ओलं फडकं,
दर दहा मैलांवर ते पुन्हा भिजवायचं.
शेजारी आई
सीटवर पाय वर घेऊन, मांडी घालून.
"गाडीत तरी नीट बस की," अप्पा म्हणायचे,
"लोक बघायलेत."
ती चपला मांडीवर घ्यायची, रुमालात गुंडाळून.
एकदा एक खाली राहिली होती,
टाचेकडून मऊ होऊन वाकडी झाली.
आम्ही मागं तिघं,
पंगतीला बसली, पंगतीला बसली, म्हणून हसायचो.
तीही हसायची.

मी तळाला तळहात लावला.
गार होता.
चाळीस वर्षं उशिरा लावला.

कूलरचा पत्रा नको म्हणाले मिस्त्री,
जस्त तापलं की धूर सोडतं.
मग एका बंद पडलेल्या ट्रॅक्टर शोरूमची
अॅल्युमिनियमची पाटी कापली.
आतल्या बाजूला अजून 'सर्व्हि' एवढं वाचता येतं.
कडा दुमडल्या, हातोडीनं पन्हळ काढली,
आणि मी ती तळाला घट्ट दाबून धरली.

"चिकटवू नका, ताई.
चिकटला की पत्राच तापतो, मग काय उपेग?
मधी बोटभर फट ठेवा.
आच पत्र्यानं आडत न्हाई,
मधल्या हवेनं आडती."

म्हणून चार नळकांड्या, चार वायसर,
आणि माप म्हणून माझी करंगळी.
चौथ्या भोकातलं घर मोडवेना.
मग मोडलं. रिकामं होतं.
बोल्ट आवळले, एक ह्या कोपऱ्यात, एक त्या,
सगळे थोडे थोडे.

दिवेलागणीला आईला रिक्षानं आणली.
एकोणऐंशीची, एका हातात काठी.
विद्यापीठाच्या फाटकापर्यंत गेलो.
तिनं बसल्या बसल्या पाय वर घेतले.
"खाली सोड, आई. आता तापत नाही."
ती माझ्याकडं बघत राहिली.
"तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या गिअरमध्ये पत्रा बारीक वाजला,
डब्यात एखादा खडा असावा तसा.
मी पाय काढला, तरी वाजला.
"नळकांडी बदलते उद्या," मी म्हणाले.

"ह्यांनी काढला ना तो,
तवा चारी बोल्ट मीच पदरात धरले होते,"
ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली.
"राहू दे वाजायचं."

मग एक पाय खाली सोडला,
हळूच, पाण्याचा अंदाज घ्यावा तसा.
दुसरा वरच ठेवला.
चपला मांडीवर.